कोरड्या नाल्यात मासे येतात कोठून?
पुराबरोबर चढणाऱ्या माशांची वाट आणि शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

कामरगाव आणि कारंजा तालुक्यातील शिवारात एक प्रश्न दर पावसाळ्यात हमखास निघतो. जो नाला फेब्रुवारी-मार्चमध्ये ठणठणीत कोरडा पडतो, ज्याच्या तळाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ज्यातून गुरे ये-जा करतात, त्याच नाल्यात मृग-आर्द्राचे दोन-चार जोरदार पाऊस झाले की बोटाएवढे, कधी हातभर लांबीचेही मासे दिसू लागतात. हे मासे आले कोठून? कोणी म्हणतात ढगातून पडले. कोणी म्हणतात, अंडी चिखलात टिकून होती, पाणी लागताच फुटली.

यातील चिखलातल्या अंड्यांची गोष्ट अगदीच निराधार नाही. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही लहान माशांची अंडी कोरड्या चिखलात महिनोन् महिने जिवंत राहतात. परंतु आपल्या नद्यांतील माशांना ही सोय निसर्गाने दिलेली नाही. त्यांची अंडी पाण्याबाहेर वाळली की संपली. मरळ व मागूर यांना हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ते ओल्या चिखलात काही काळ तग धरतात आणि पावसात ओल्या गवतावरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातात. बाकीच्यांचे उत्तर मात्र साधे आहे. ते खालून चढून आलेले असतात. खालच्या नदीच्या डोहात, धरणाच्या साठ्यात किंवा बारमाही पाणी राहणाऱ्या एखाद्या खोलगट जागी त्यांनी उन्हाळा काढलेला असतो आणि पहिल्या गढूळ पुराची चाहूल लागताच ते प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघतात. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात याला ‘चढणीचे मासे’ म्हणतात. हा शब्द अतिशय नेमका असल्याने या लेखातही तोच वापरला आहे.

म्हणजे आपल्या बांधालगतच्या नाल्यात मासा दिसणे हे केवळ त्या नाल्यावर अवलंबून नाही. खाली कित्येक किलोमीटरवरचा एखादा डोह आणि तेथून येथवरची मोकळी वाट, या दोन्ही गोष्टी शिल्लक असतील तरच तो दिसतो. पूर्वी अमुक नाल्यात भरपूर मासळी होती, आता दिसत नाही, अशी तक्रार ऐकू येते. तिचे कारण शोधताना बहुधा पाऊस कमी झाला असे सांगून विषय संपविला जातो. वाट तुटली काय, हे पाहण्याचे राहून जाते.

वाशीम जिल्ह्याचा भूगोल या दृष्टीने मोठा मजेशीर आहे. हा जिल्हा दोन खोऱ्यांच्या पाणलोटावर बसला आहे. काटेपूर्णेसारख्या नद्यांचे पाणी उत्तरेकडे पूर्णेला, तेथून तापीला मिळून अरबी समुद्रात जाते. बेंबळेचे पाणी वर्धा नदीला आणि अडाणचे पैनगंगेला मिळते. हे दोन्ही प्रवाह पुढे प्राणहितेतून गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला भेटतात. एकाच पठारावर पडलेला पाऊस देशाच्या दोन टोकांना जातो. आपल्याकडचे ओढे-नाले ही या दोन मोठ्या झाडांची शेंड्याकडची डहाळी आहे. मासा खोडाकडून शेंड्याकडे चढतो. मध्ये कोठेही फांदी तुटली तर शेंड्याला पाने येत नाहीत.

मासा चढतो कशासाठी?

मुख्यतः अंडी घालण्यासाठी. उन्हाळ्यात मादीच्या पोटात अंडी भरत जातात. ती पक्व होतात, परंतु बाहेर टाकली जात नाहीत. त्यासाठी एक इशारा लागतो. पाण्याची वाढती पातळी, ताजा गढूळ लोंढा, थोडे उतरलेले तापमान, वाहत्या पाण्याचा अंगाला होणारा स्पर्श, हे सर्व एकत्र आले की माशाच्या मेंदूखालील पियूष ग्रंथी विशिष्ट संप्रेरके रक्तात सोडते आणि अंडी मोकळी होतात. नर-मादी उथळ, नुकत्याच पाण्याखाली गेलेल्या जागी जातात. तेथे मोठे शिकारी मासे कमी असतात, ऊन पोहोचते आणि भिजलेल्या गवत-पाचोळ्यावर सूक्ष्म जीव झपाट्याने वाढतात. नवजात पिलांसाठी तयार खाद्याची कोठीच ती. कटला-रोहू यांची अंडी साधारण १५ ते १८ तासांत उबतात. अंडी व पिले प्रवाहाबरोबर हळूहळू खाली येतात आणि पाऊस ओसरताना मोठे मासेही डोहाकडे परततात. चढण आणि उतरण मिळून हा फेरा पुरा होतो. उतरणीकडे आपले लक्ष फारसे जात नाही, पण तिचेही महत्त्व तेवढेच आहे.

ज्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत त्यांच्या ध्यानात आले असेल की, मासे दोन-दोन किलोचे झाले, मादीचे पोट फुगले, तरी तळ्यात एक पिलू दिसत नाही. साठलेल्या पाण्यात त्यांना वरील इशारा मिळत नाही, हे त्याचे कारण. बंगालमधील बांकुडा व मेदिनीपूर भागातील मत्स्यपालकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. उतारावरील पाणी एखाद्या बांधात घेऊन ते नदीच्या पुरासारखी परिस्थिती निर्माण करीत आणि त्यात मासे अंडी देत. पुढे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय प्रमुख कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. आज सर्वत्र मिळणारे मत्स्यबीज त्या संशोधनाचे फळ आहे. म्हणूनच १० जुलै हा देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. थोडक्यात, आपण ज्याला इंजेक्शन म्हणतो ते पुराच्या लोंढ्याला पर्याय म्हणून दिलेले असते. मात्र इंजेक्शनाची सोय कटला, रोहू, मृगळ अशा मोजक्या जातींपुरतीच आहे. नाल्यात चढणाऱ्या इतर डझनावारी लहान-मोठ्या जातींना खरा पूरच लागतो.

जाणते कोण होते?

आपल्या नद्यांतील माशांचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केला. १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांविषयी लिहिले, त्यात अनेक जाती जगाला प्रथमच माहीत झाल्या. गंमत अशी की, शास्त्रीय नावे देताना त्यांनी बऱ्याच ठिकाणी येथील कोळी-भोई जी नावे घेत तीच उचलली. महसीरच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ आहे. मसळा, कोळस, शिंगटी ही नावेही अशीच लॅटिन शास्त्रात जाऊन बसली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेवर जाळे टाकणाऱ्या माणसाचा शब्द आज जगभरच्या संग्रहालयांत चिठ्ठीवर लिहिलेला असतो. मासा केव्हा चढतो, कोठे थांबतो, कोणत्या डोहात उन्हाळा काढतो, हे ज्ञान आजही भोई बांधवांकडेच अधिक आहे. अभ्यासक गावात आले तर आधी त्यांच्याकडे जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साइक्सनंतर सुमारे तीन दशकांनी डॉ. फ्रान्सिस डे यांनी देशभरच्या गोड्या पाण्यातील मासेमारीची पाहणी करून १८७३ मध्ये अहवाल दिला. कालव्यांच्या व नद्यांच्या बंधाऱ्यांपाशी अडलेले चढणीचे मासे लुटले जातात आणि पिलेही अरुंद वाटांवर सापळे लावून संपविली जातात, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. पुढे १८९७ मध्ये भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा त्याने गुन्हा ठरविला. महाराष्ट्राने १९६० मध्ये आपला स्वतंत्र मत्स्यव्यवसाय अधिनियम केला.

मोठ्या नद्यांवर काय घडले?

समुद्रातून नदीत अंडी घालण्यास चढणारा सर्वांत प्रसिद्ध मासा हिलसा. गोदावरीच्या तोंडाशी त्याला पुलसा म्हणतात. १८४७ ते १८५२ या काळात सर आर्थर कॉटन यांनी धवळेश्वर येथे बंधारा बांधला. त्याने गोदावरीचा त्रिभुज प्रदेश सुपीक केला हे खरेच, पण हिलशाची वाटही तेथेच अडली. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बराज सुरू झाले. त्यापूर्वी हिलसा अलाहाबाद, आग्र्यापर्यंत जात असे. नंतर वरच्या भागातील हिलशाची मासेमारी जवळपास संपली. आपल्या उत्तरेकडच्या पाण्याच्या वाटेवर हतनूर, उकाई व काकरापार उभी आहेत.

याच्या उलट प्रवास करणारा मासा म्हणजे अहीर, काही ठिकाणी आहेर. हा सापासारखा लांब मासा वर्षानुवर्षे नदीत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी मात्र समुद्रात उतरतो. त्याची पिले पुन्हा नदीत चढतात. ओल्या खडकावरून, भिंतीवरून सरपटत वर जाण्याचे कसब त्यांच्यात आहे. तरी शंभर-दोनशे फुटांच्या धरणापुढे तेही हरतात.

जगभरची परिस्थिती फार निराळी नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात गोड्या पाण्यातील स्थलांतर करणाऱ्या २८४ जातींच्या नोंदी तपासण्यात आल्या. १९७० ते २०२० या ५० वर्षांत नोंद ठेवलेल्या समूहांची संख्या सरासरी ८१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. याचा अर्थ शंभरातले ८१ मासे मेले असा घेऊ नये. काही समूह वाढलेही आहेत. ही अनेक समूहांतील घटीची सरासरी आहे. पण कल कोणीकडे आहे ते त्यावरून कळते.

बीज सोडले की काम झाले काय?

मासे कमी झाले तर हॅचरीतून बीज आणून सोडावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन होत आले आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या कामाचा पाया घातला. महसीरची मादी शरीराच्या मानाने फार कमी, एका किलोमागे काही हजारच अंडी देते, त्यामुळे हे यश मोठेच होते. या केंद्रातील बीज अनेक राज्यांत गेले.

परंतु कावेरी नदीत याची दुसरी बाजू दिसली. तेथे मोठ्या वशिंडाचा, जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक असा स्थानिक महसीर होता. बाहेरून आणलेला निळसर परांचा महसीर कावेरीत सोडण्यात आला. गळाने मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा पाहुणा वाढत गेला आणि स्थानिक महसीरची लहान पिले दिसेनाशी झाली, असे आढळून आले. या स्थानिक माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. आपल्याच दख्खनचा मासा दुसऱ्या नदीत गेल्यावर उपरा ठरतो, हे ध्यानात ठेवावे. नाल्यात, नदीत बीज सोडताना, विशेषतः तिलापिया किंवा बंदी असलेला थाई मागूर, दहादा विचार करावा. पुरात फुटणारे शेततळे हाही बीज सोडण्याचाच एक प्रकार आहे.

याहून जुना उपाय आपल्याकडे देवाच्या नावाने चालत आला आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे, इंद्रायणीवर देहू, अशा ठिकाणच्या डोहांत मासे मारीत नाहीत. तेथील महसीर भाविकांच्या हातचे खातात. उन्हाळ्यात मोठे मासे जगण्यासाठी असा राखलेला डोह फार मोलाचा. पण इंद्रायणीत प्रदूषणामुळे मासे मेल्याच्या घटनाही घडल्या आहेत. श्रद्धेने जाळे थांबते, वरून येणारे सांडपाणी थांबत नाही.

आपल्या शिवारात

धवळेश्वर किंवा फराक्का येथे काय व्हावे ते आपल्या हाती नाही. नाल्यावरचे बरेच काही आहे. चढणाऱ्या लहान माशाला धरण लागत नाही. नाल्यावरचा तीन फुटांचा सिमेंट बंधारा, रस्त्याचा रपटा किंवा जमिनीपासून हातभर उंच राहिलेले मोरीचे नळ, एवढे अडथळे त्याला पुरतात. पुराच्या ऐन भरात बंधाऱ्यावरून जाड पाणी पडते, तेव्हा काही मासे पार होतात. पाणी उतरले की खाली थव्याने अडकतात आणि तेथेच जाळी लागतात.

पाणी अडवूच नये, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. या पठारावर तूर-सोयाबीननंतर हरभरा-गव्हाला दोन पाणी मिळते ते नाल्यावरच्या कामांमुळेच. प्रश्न बंधारा असावा की नसावा हा नसून तो कसा चालवावा हा आहे. या बाबतीत कोल्हापुरी बंधारा सर्वांत समजूतदार म्हणावा लागेल, कारण त्याचे बरगे काढता येतात. पावसाळ्यापूर्वी ते सर्व काढले तर पूर, गाळ आणि मासा तिन्हींना वाट मिळते. बरेच ठिकाणी मात्र बरगे गंजून खाचेत अडकलेले असतात किंवा तळचे दोन तसेच सोडून दिलेले असतात. तळचेच बरगे माशाच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण तो तळालगत चढतो. ते मे महिनाअखेर निघालेच पाहिजेत. पाणी अडविताना परतीचा पाऊस पाहून बरगे टाकावेत आणि सर्वांत खोल गाळ्याचे बरगे शेवटी टाकावेत. आधी इतर गाळे बंद करून हा एक गाळा दोन-तीन दिवस उघडा ठेवला, तर उतरणीच्या माशांना निघण्यास संधी मिळते.

पक्क्या बंधाऱ्याला किंवा रपट्याला अशी सोय नसते. तेथे खालच्या बाजूस मोठ्या दगडांचा सौम्य उतार करणे हा जगभर वापरला जाणारा उपाय आहे. एक फूट उंचीला किमान २० फूट लांबी, म्हणजे १:२० किंवा त्याहून सौम्य उतार धरावा. दगड आडवेतिडवे ठेवावेत, म्हणजे पाणी एकसारखे घसरत न जाता मध्ये विसाव्याच्या जागा राहतात. तीन फुटांच्या बंधाऱ्याला ६० फूट लांबी लागेल, हे सर्वत्र परवडणारे नाही. फूट-दीड फूट उंचीच्या रपट्याला मात्र श्रमदानातून जमण्यासारखे आहे. बंधाऱ्याच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी मृद व जलसंधारण विभागाच्या अभियंत्यास जागा दाखवावी. स्वतः भिंत फोडू नये. नवीन मोरी होत असेल तर नळ नाल्याच्या तळाच्या थोडे खाली बसविण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने सुरुवातीसच धरावा. नंतर दुरुस्ती महाग पडते.

नाला खोलीकरणाविषयीही दोन शब्द. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात व इतर कामांत नाले मोठ्या प्रमाणावर खोल-रुंद झाले. यंत्राने तळ एकसारखा सपाट केला की पाणी साठते, परंतु ते सर्वत्र सारख्याच उथळ थरात असते आणि एकदमच आटते. मशीन लागलेलीच असेल तर दर काही अंतरावर, शक्यतो वळणावर, एखादी जागा अधिक खोल राहू द्यावी. काठचे करंज-जांभळाचे झाड वाचवावे. सावलीतला डोह एप्रिलपर्यंत टिकला तर पुढच्या मृगाचे मासे तेथूनच निघतील.

पहिल्या दोन-तीन पुरांत गाभोळीने भरलेली मादी हाती लागते, चवीलाही ती चांगली म्हणतात. पण हिशेब करून पाहावा. रोहूसारख्या कार्प जातीची एक किलोची मादी सुमारे दोन लाख अंडी देते. हजारात एक जरी वाचले तरी दोनशे मासे होतात. रपट्याखाली, बंधाऱ्याच्या तोंडाशी आडवे जाळे किंवा बांबूचे सापळे लावून पूर्ण प्रवाह बंद करणे मृग-आर्द्रापुरते तरी थांबवावे. हा निर्णय ग्रामसभेत भोई बांधवांना बरोबर घेऊनच व्हावा. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि वर्षभर मासळी टिकावी ही गरज सर्वांत जास्त त्यांनाच आहे.

फवारणीचे वेळापत्रकही पिलांच्या वेळापत्रकावरच येऊन पडते. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन-कपाशीवर फवारणी चालते, त्याच वेळी नाल्यात बोटभरही न झालेली पिले असतात. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही घातक आहेत. पंप, बादल्या, रिकामे डबे नाल्यात धुवू नयेत, धुतलेले पाणी पडीक जागेवर टाकावे. नाल्याकाठी गवताचा पट्टा राखावा, पावसाची चिन्हे असताना फवारू नये. रब्बीत नाल्यातून उपसा करताना मोटरच्या फुटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधावी आणि सर्वांत खोल डोह तळापर्यंत उपसू नये.

राहता राहिली नोंद. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत आपल्या नाल्यासाठी एक पान करावे. पहिला पूर कोणत्या तारखेला आला, त्यानंतर किती दिवसांनी कोणता मासा दिसला, गावात त्याला काय म्हणतात, कोणत्या बंधाऱ्याखाली तो अडला, मादीत अंडी होती काय, हे लिहावे. शाळेतील मुले हे काम हौसेने करतात, नावे सांगायला मात्र जुना जाणता माणूस बसवावा. पाणी कोणत्या तारखेला तुटले आणि त्या वेळी डोहात काय उरले होते, हे शेवटचे दोन रकाने भरण्यास दिवाळीनंतर नाल्याकाठी मारलेली एक चक्कर पुरते.